उबवणी यंत्राचा थर्मोस्टॅट आणि न तपासलेले थर्मामीटर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरच्या घरी अंडी उबवण्याचे यंत्र कसे तयार करावे, हे अलीकडे वृत्तपत्रांतून आणि मोबाइलवरच्या चित्रफितींतून वारंवार सांगितले जाते. थर्माकोलचे खोके, ४० वॅटचा दिवा, संगणकातला जुना पंखा आणि एक थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला दिवा आपोआप चालू-बंद करणारे साधन) एवढे जमवले की काम झाले, असा त्या सांगण्याचा सूर असतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात माझी नोकरी गेली आणि निवृत्तीनंतर नागपुरात घरामागे गावरान कोंबड्या पाळल्या, त्यामुळे या विषयाच्या दोन्ही बाजू मला थोड्याफार ठाऊक आहेत. घरगुती थर्मोस्टॅटचे सर्किट सहसा दगा देत नाही. त्याला मिळणारे तापमानच चुकीचे असते आणि ते खरे मानून तो इमानेइतबारे काम करत राहतो, असा माझा अनुभव आहे.

कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस लागतात आणि पंखा असलेल्या यंत्रात हवेचे तापमान ३७.५ ते ३७.८ अंश सेल्सिअस राखावे लागते. खुडूक बसलेली कोंबडी हे न शिकता करते. आपल्याला मात्र अर्ध्या अंशासाठी झगडावे लागते.

माझ्या पहिल्या यंत्रात तापमान ओळखायला १० किलोओहमचा थर्मिस्टर, म्हणजे तापमानानुसार रोध बदलणारा छोटा मणी, होता. तापमान वाढले की त्याचा रोध घटतो. २५ अंशांना १० किलोओहम असणारा नेहमीचा थर्मिस्टर ३७.५ अंशांना सुमारे ५.९ किलोओहमवर येतो आणि तिथे दर अंशाला जवळपास चार टक्क्यांनी बदलतो. एवढा फरक ओळखायला एलएम ३९३ सारखा साधा कम्पॅरेटर (दोन व्होल्टेजांची तुलना करणारी चिप) पुरतो. थर्मिस्टरला १० किलोओहमचा रोधक जोडून त्या जोडीला १२ व्होल्ट दिले आणि त्याच पुरवठ्यावर दुसऱ्या बाजूला, हवे ते तापमान ठरवण्यासाठी, पोटेन्शिओमीटर (फिरवून बदलता येणारा रोधक) लावला. दोन्ही बाजू एकाच पुरवठ्यावर असल्याने संध्याकाळी व्होल्टेज पडले तरी ठरवलेले तापमान हलत नव्हते, याचा मला बराच अभिमान होता. नंतर थर्मिस्टर प्लॅस्टिकच्या नळीत बंद करून, ताप मोजण्याच्या डिजिटल थर्मामीटरशेजारी कोमट पाण्यात धरला आणि बरोबर ३७.५ अंशांवर रिले (दिव्याची वीज जोडणारा-तोडणारा विद्युत खटका) दिवा बंद करेल असे जुळवून घेतले.

प्रत्यक्षात एकविसावा दिवस कोरडा गेला, पहिल्या अंड्याला टोच बाविसाव्या रात्री पडली, बहुतेक पिल्ले तेविसाव्या दिवशी बाहेर आली आणि काही कवचातच मेली. उबवण उशिरा होणे हे तापमान कमी पडल्याचे ठरलेले लक्षण आहे. खोक्यात टांगलेले काट्याचे स्वस्त थर्मामीटर तर तीन आठवडे ३६ अंशच दाखवत होते, पण बाजारातल्या त्या खेळण्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा मी स्वतः पाण्यात तपासलेल्या सर्किटवर विश्वास ठेवला. खरे ते खेळणेच बोलत होते. १२ व्होल्टच्या त्या जोडणीत थर्मिस्टरमध्ये सुमारे साडेतीन मिलिवॅट ऊर्जा उष्णतेत बदलत होती. पाण्यात ती लगेच वाहून जाते, परंतु हवेत मसुराच्या दाण्याएवढा तो मणी स्वतःच्याच विजेने दीड-दोन अंशांनी तापतो आणि खोके तेवढे गरम झाले आहे असे समजून दिवा लवकर बंद करतो. ७८०५ ही व्होल्टेज स्थिर ठेवणारी चिप लावून पुरवठा ५ व्होल्टवर आणताच ही उष्णता साधारण एक षष्ठांश झाली. पुढची जुळवणी मी खोक्यातच, पंखा चालू ठेवून, आधी पाण्यात पडताळलेल्या काचेच्या थर्मामीटरच्या आधाराने केली आणि त्यानंतरची पिल्ले वेळेवर निघाली.

तयार मिळणारे डब्ल्यू-१२०९ नावाचे थर्मोस्टॅटचे छोटे मॉड्यूल आता बहुतेक जण वापरतात आणि ते वाईट नाही. फक्त ते मुळात थंड करण्यासाठी लावलेले येते, म्हणजे दिवा नको तेव्हा पेटतो. शिवाय चालू-बंद होण्यातला फरक २ अंशांचा ठेवलेला असतो. या दोन्ही गोष्टी बदलल्याशिवाय त्यात अंडी ठेवू नयेत. फरक अगदी शून्याजवळ नेला तर मात्र रिले दर काही सेकंदांनी कटकट वाजू लागतो. थंड तंतूचा रोध तापलेल्या तंतूच्या मानाने फार कमी असल्यामुळे दिवा पेटतानाचा पहिला झटका कित्येक पट मोठा असतो आणि तो वारंवार सोसून रिलेचे संपर्क एकमेकांना चिकटतात. चिकटलेला रिले म्हणजे न विझणारा दिवा. काही तास गारठलेली अंडी बहुधा सावरतात, परंतु तेवढाच वेळ ४१ अंशांवर राहिलेली सावरत नाहीत, म्हणून दिव्याच्या वाटेत, थोड्या वरच्या तापमानाला वीज तोडणारा आणि पहिल्याशी काहीही संबंध नसलेला दुसरा थर्मोस्टॅट मालिकेत (पहिल्याच्या पाठोपाठ त्याच तारेत) असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. (एका परिचितांनी वीज वाचवण्यासाठी एलईडी दिवा लावला होता. त्यांचा थर्मोस्टॅट निर्दोष होता, खोके मात्र तापेचना.)

आता नागपूरची गोष्ट. चित्रफितीत दाखवलेले यंत्र फक्त तापवते, गार करत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, पत्र्याखालच्या खोलीतली हवाच ३७.५ अंशांच्या वर असते, आणि अशा वेळी दिवा दिवसभर बंद ठेवूनही जगातला कोणताही थर्मोस्टॅट अंडी वाचवू शकत नाही. त्यात शेवटच्या आठवड्यात वाढता गर्भ स्वतःही उष्णता सोडत असतो. उन्हाळ्यात अंडी ठेवायचीच असतील तर यंत्र कूलरच्या खोलीत, पण झोताच्या बाहेर ठेवावे. कूलरमुळे हवेत आलेला ओलावाही शेवटच्या तीन दिवसांत उपयोगी पडतो, कारण त्या काळात आर्द्रता ६५ ते ७० टक्के लागते आणि आपल्या कोरड्या उन्हाळ्यात केवळ पाण्याच्या वाटीने ती गाठणे कठीण जाते.

सर्किटचे सामान सीताबर्डीच्या बाजारात सहज मिळते. खात्रीचे थर्मामीटर मात्र मिळत नाही. एकाच दुकानातून घेतलेली तीन थर्मामीटरे एका पेल्यात बुडवली असता त्यांच्यात दीड अंशाचे अंतर मी स्वतः पाहिले आहे. महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठ आपल्याच शहरात आहे आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयही. परसातील कुक्कुटपालन करणाऱ्यांनी आपापली थर्मामीटरे आणून प्रमाणित थर्मामीटरशी ताडून घ्यावीत, यासाठी या संस्थांनी महिन्यातून एक सकाळ राखून ठेवावी, अशी माझी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे. त्यासाठी थर्मासभर कोमट पाणी, एक टेबल आणि नोंद करून चिठ्ठी देणारा एक माणूस एवढेच पुरेल. तो माणूस मिळत नसेल तर मी बसायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक, नागपूर