वाईट बर्बनचे कारण बहुधा लेबलवरच छापलेले असते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने अमेरिकन बर्बन व्हिस्कीवरील सीमाशुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणले आणि तेव्हापासून आपल्याकडच्या मद्यप्रेमींच्या बोलण्यात स्कॉचच्या जोडीने बर्बनही येऊ लागली आहे. तिची तारीफ करणारे आहेत, तसेच ‘आजवर चाखलेली सर्वांत वाईट व्हिस्की’ म्हणून एखाद्या बाटलीचे नाव मोठ्या हिरिरीने सांगणारेही आहेत. अशा नावांच्या याद्या मनोरंजक असतात. परंतु त्या नावापाशीच थांबतात आणि ती व्हिस्की वाईट का लागली, हे विचारायचे राहून जाते. आयुष्याची बरीच वर्षे आसवनीच्या, म्हणजे डिस्टिलरीच्या, प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाला ते खटकते. म्हणून अमेरिकेतील काही प्रसिद्ध उदाहरणांच्या आधारे चार गोष्टी मांडण्याची परवानगी असावी. मद्यपान आरोग्याला घातक आहे हे मला मान्य आहे आणि कोणी ते सुरू करावे असा या पत्राचा हेतू नाही. जे पितात, त्यांना आपण काय पितो हे कळावे, एवढेच म्हणणे आहे.

बर्बन म्हणजे काय, हे अमेरिकेत कायद्याने ठरलेले आहे. धान्याच्या मिश्रणात किमान ५१ टक्के मका हवा, ऊर्ध्वपातन ८० टक्क्यांहून अधिक तीव्रतेचे नको, पिंपात भरताना अल्कोहोल ६२.५ टक्क्यांच्या वर नको, पिंप ओकचे, कोरे आणि आतून जाळून कोळसा केलेले असावे, बाटलीत किमान ४० टक्के अल्कोहोल असावे आणि वरून रंग किंवा स्वाद मिसळता येत नाही. १९६४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ठराव करून बर्बनला त्या देशाचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन म्हणून मान्यता दिली. एवढी कडक चौकट असूनही वाईट चवीच्या बाटल्या निघतात, आणि त्यांतल्या सर्वांत बदनाम बाटल्यांचा इतिहास पाहिला, तर दोष बहुतेक वेळा या चौकटीबाहेर किंवा तिच्या अगदी काठावर सापडतो.

‘फोर रोझेस’चे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. केंटकीतील लॉरेन्सबर्गची ही बर्बन एके काळी अमेरिकेत फार लोकप्रिय होती. १९४३ मध्ये सीग्रम कंपनीने ती विकत घेतली आणि १९५०च्या दशकाच्या अखेरीस असा निर्णय घेतला की, खरी बर्बन युरोप आणि जपानमध्ये विकावी आणि अमेरिकेत त्याच नावाने मिश्र व्हिस्की, म्हणजे थोड्या व्हिस्कीत पुष्कळ न्यूट्रल स्पिरिट (जवळजवळ चव-वास नसलेले शुद्ध अल्कोहोल) घातलेला स्वस्त माल, विकावा. आसवनी तीच होती, तेथे निघणारा मालही चांगलाच होता. पण तो टोकियोला जात होता आणि अमेरिकन गिऱ्हाइकाच्या पदरी नावापुरता गुलाब पडत होता. पुढची चार दशके अमेरिकेत ‘फोर रोझेस’ हे नाव दुकानाच्या सर्वांत खालच्या फळीवरच्या मालाचे नाव झाले. २००२ मध्ये जपानच्या किरिन कंपनीने ही आसवनी घेतल्यावर मिश्र व्हिस्की बाजारातून काढून घेण्यात आली आणि मूळ बर्बन मायदेशी परतली. आज तीच आसवनी धान्याच्या दोन मिश्रणांवर पाच प्रकारचे यीस्ट वापरून दहा वेगवेगळ्या व्हिस्की तयार करते आणि जाणकार त्या मानाने पितात. या चाळीस वर्षांत ज्यांनी ‘फोर रोझेस भिकार आहे’ असे म्हटले त्यांची जीभ खोटी नव्हती. त्यांनी लेबलवरचे मोठे अक्षर वाचले, त्याखालचे ‘ब्लेंडेड व्हिस्की’ हे लहान अक्षर वाचले नाही, इतकेच.

‘ओल्ड क्रो’ची गोष्ट याहून करुण आहे. जेम्स क्रो हा स्कॉटलंडहून आलेला वैद्य आणि रसायनतज्ज्ञ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केंटकीत ऑस्कर पेपर यांच्या आसवनीत काम करीत होता. ऊर्ध्वपातनानंतर उरणारे आंबट पाणी, ज्याला आपल्याकडच्या आसवन्यांत स्पेंटवॉश म्हणतात, त्याचा ठरावीक भाग पुढच्या आंबवणात घालून आम्लता राखण्याची पद्धत त्याने मोजमापाने शिस्तीत बसवली. आज जवळजवळ सर्व बर्बन याच पद्धतीने होते. त्याच्या नावाची व्हिस्की पुढे शंभर वर्षे नावाजलेली राहिली. नंतर १९६०च्या दशकात कारखान्याचा विस्तार होताना याच आंबट पाण्याचे प्रमाण बदलले गेले, चव बिघडली, जुन्या गिऱ्हाइकांनी तक्रारी केल्या आणि तरीही ते प्रमाण पूर्ववत करण्याची तसदी कोणी घेतली नाही, असे या व्यवसायाचा इतिहास लिहिणारे सांगतात. ज्या एका गोष्टीसाठी क्रोचे नाव राहिले, नेमकी तीच बिघडावी, याला काय म्हणावे? १९८७ मध्ये जिम बीम कंपनीने हे नाव विकत घेतले, जुनी आसवनी बंद झाली, आणि बाटलीत बीमचीच कमी मुरलेली बर्बन भरली जाऊ लागली. तिला आज नावे ठेवणारे जेम्स क्रोच्या व्हिस्कीला नावे ठेवत नाहीत. ती व्हिस्की चाखायला आता मिळतच नाही.

मिश्र व्हिस्कीविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण अमेरिकेतील ‘सर्वांत वाईट’ यादीत हाच वर्ग नेहमी वर असतो. तेथील नियमानुसार ‘ब्लेंडेड व्हिस्की’त किमान २० टक्के स्ट्रेट व्हिस्की (किमान दोन वर्षे पिंपात मुरलेली) असली की पुरते, उरलेले न्यूट्रल स्पिरिट असू शकते. अशा व्हिस्कीची चव वाईट असण्यापेक्षा पोकळ असते: जिभेवर काही थांबत नाही, घशाला मात्र चरका बसतो. तरीही त्या नियमाचा एक भाग कौतुकास्पद आहे. न्यूट्रल स्पिरिट किती टक्के आहे आणि ते कशापासून काढले आहे, हे बाटलीवर छापावे लागते. ही सक्ती आपोआप आली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे कच्च्या स्पिरिटमध्ये जळकी साखर, आलुबुखाराचा रस आणि याहून वाईट पदार्थ मिसळून ‘जुनी व्हिस्की’ विकणारे व्यापारी बोकाळले होते. त्यांच्या विरोधात केंटकीच्या आसवकांनी लढा दिला आणि १८९७ मध्ये ‘बॉटल्ड इन बॉन्ड’ कायदा झाला. एकाच आसवनीतील, एकाच हंगामातील, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षे मुरलेली आणि ५० टक्के तीव्रतेची व्हिस्कीच हे शब्द वापरू शकते. १९०६ च्या अन्न व औषध कायद्यानंतर ‘व्हिस्की कशाला म्हणायचे’ हा वाद थेट राष्ट्राध्यक्षांपर्यंत गेला आणि १९०९ च्या डिसेंबरात विल्यम टाफ्ट यांनी त्यावर निर्णय दिला. न्यूट्रल स्पिरिट धान्याचे असेल तर व्हिस्की म्हणायला हरकत नाही, पण ती मिश्र आहे हे गिऱ्हाइकाला सांगितलेच पाहिजे, असा त्याचा सारांश होता.

आता दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे गेल्या काही वर्षांत अमेरिकेत गावोगावी उघडलेल्या लहान आसवन्यांकडे वळू. येथे फसवणूक नसते, हौस असते. आणि कधी कधी हौस जिभेला अधिक महागात पडते. आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हणून मिशीवर ताव मारणारे पुष्कळ भेटतात, परंतु भट्टीतून सुरुवातीला येणाऱ्या धारेत असिटाल्डिहाइड आणि इथाइल असिटेट यांचे प्रमाण अधिक असते व तिला नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा वास येतो. शेवटच्या धारेत जड अल्कोहोले येतात आणि त्यांचा वास ओल्या पुठ्ठ्याजवळ जातो. मधली धार कोठे सुरू करायची आणि कोठे तोडायची, हे अनुभवाचे काम आहे. मोठ्या आसवन्यांत अखंड चालणारे स्तंभ असल्याने हा प्रश्न बराचसा यंत्रावर सुटतो. लहान भट्टीवाल्याला मात्र तो दररोज नाकाने सोडवावा लागतो, आणि पैशाची ओढाताण असेल तर टाकून द्यायची धारही पिंपात जाते.

दुसरी अडचण वेळेची. चार-सहा वर्षे वाट पाहण्याइतके भांडवल नसल्याने अनेक नवे आसवक सुमारे २०० लिटरच्या नेहमीच्या पिंपाऐवजी १९ लिटरचे छोटे पिंप घेतात. द्रवाच्या मानाने लाकडाचा पृष्ठभाग वाढतो, त्यामुळे रंग आणि तुरटपणा झपाट्याने उतरतो. पण पिंपात हळूहळू शिरणाऱ्या हवेने होणारे बदल, ज्यांतून कच्च्या स्पिरिटचा उग्रपणा जातो आणि फळांसारखा सुवास येतो, ते काही पिंप लहान केल्याने त्या वेगाने होत नाहीत. अशी एक बाटली मला अमेरिकेत आग्रहाने पाजण्यात आली होती. सुताराच्या दुकानातील भुसा आणि कच्चा मका एकत्र तोंडात यावा, तसे झाले. यजमानांच्या चेहऱ्याकडे पाहून मी ‘वेगळी आहे’ एवढेच म्हणालो. माझ्या जिभेवर विश्वास ठेवू नये, पण बफेलो ट्रेससारख्या मुरलेल्या आसवनीवर ठेवायला हरकत नाही. त्यांनी २००६ मध्ये १९, ३८ आणि ५७ लिटरच्या आसपासच्या पिंपांत बर्बन भरून दरवर्षी चाखून पाहिली आणि २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितले की प्रयोग फसला: व्हिस्की काळी, धुरकट, करपट झाली, पण तिला खोली आली नाही. स्वतःचा फसलेला माल जगाला सांगणारी ही वृत्ती दुर्मीळ आहे. येथेही ग्राहकाला लेबलचा आधार आहे, कारण चार वर्षांहून कमी मुरलेल्या व्हिस्कीचे वय छापणे बंधनकारक आहे. ‘९ महिने’ असे वाचून बाटली घेतली, तर नंतर कपाळाला हात लावण्यात अर्थ नाही.

महाग आणि फार जुन्या बर्बनविषयीही भाबडेपणा नको. स्कॉटलंडमध्ये हवा थंड आणि पिंपे बहुधा आधी वापरलेली, म्हणून तेथे व्हिस्की २५ वर्षे शांतपणे मुरू शकते. केंटकीत उन्हाळा कडक, गोदामाचे वरचे मजले तापलेले आणि पिंप कोरे. अशा ठिकाणी वीस वर्षे ठेवलेली बर्बन कडवट काढ्यासारखी होण्याचा धोका मोठा असतो. तरीही वयाच्या आकड्यावर भाव चढतो आणि एवढे पैसे दिल्यावर ‘आवडली नाही’ असे म्हणण्याची सोय उरत नाही.

याच्या उलट चूक १९७०च्या दशकात झाली. लोक व्होडकाकडे वळताहेत हे पाहून ‘लाइट व्हिस्की’ नावाचा, सौम्य चवीच्या व्हिस्कीचा नवा वर्ग मान्य करून घेण्यात आला. ब्राउन-फोरमन कंपनीने त्याच सुमारास व्हिस्कीचा रंग गाळून काढून ‘फ्रॉस्ट ८/८०’ ही पांढरी व्हिस्की आणली. ती चालली नाही. व्होडका हवी असणाऱ्याने व्होडकाच घेतली.

एक इशारा येथे द्यायला हवा. वाईट चव आणि विषारीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१५ मध्ये मुंबईतील मालवणीत शंभराहून अधिक माणसे ज्या मिथेनॉलने गेली, ते जिभेला ओळखता येत नाही. तेव्हा ‘चव चांगली, म्हणजे माल चांगला’ हा हिशेब कोणी करू नये.

हे सारे आपल्याकडे लिहिण्याचे कारण असे की, अमेरिकेतील ग्राहकाला वाईट व्हिस्की ओळखण्याची जी साधने कायद्याने मिळाली, त्यांतील सर्वांत मोलाचे साधन आपल्या हाती नीटसे नाही. भारतात व्हिस्की म्हणून खपणाऱ्या मालात उसाच्या मळीपासून काढलेल्या न्यूट्रल स्पिरिटचा वाटा फार मोठा आहे. युरोपीय संघाच्या नियमांत व्हिस्की धान्याचीच आणि किमान तीन वर्षे लाकडात मुरलेली असावी लागते, म्हणून असा माल तेथे व्हिस्की या नावाने विकता येत नाही. मळीच्या स्पिरिटला मी नावे ठेवणार नाही; त्यावर आमच्या भागातील कित्येक घरांच्या चुली पेटल्या आहेत आणि ते स्वच्छ काढले तर निर्दोष असते. प्रश्न ते सांगण्याचा आहे. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाची मद्यविषयक मानके १ एप्रिल २०१९ पासून लागू आहेत, तरीही अनेक बाटल्यांवर ‘न्यूट्रल स्पिरिट’ एवढ्यावर भागते आणि वय तर क्वचितच दिसते. विशेष म्हणजे धान्य आणि मळी यांतील फरक आपल्या राज्य सरकारला पुरेपूर माहीत आहे: जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने धान्यापासूनच्या मद्याचा ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा स्वतंत्र वर्ग मान्य करून त्याच्या १८० मिलिलिटरची किमान किंमत १४८ रुपये ठरवली. जो फरक शुल्कासाठी मोजता येतो, तो ग्राहकासाठी छापता येणार नाही, असे म्हणणे पटत नाही.

म्हणून संबंधित प्राधिकरणाने देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक व्हिस्कीच्या बाटलीवर तीन गोष्टी वाचता येतील अशा अक्षरांत छापणे सक्तीचे करावे: न्यूट्रल स्पिरिटचे टक्के, ते धान्याचे की मळीचे, आणि मिश्रणातील सर्वांत कमी मुरलेल्या व्हिस्कीचे वय. आपल्या दैनिकातही आयात मद्याच्या किमतींचे तक्ते प्रसिद्ध होतात तेव्हा नावापुढे ‘स्ट्रेट’, ‘बॉटल्ड इन बॉन्ड’ की ‘ब्लेंडेड’ एवढा एक रकाना वाढवावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त आसवनी रसायनतज्ज्ञ, सांगली