काकूंना दिलेलं अर्धं उत्तर

सोलापूर
रविवार, रात्री उशिरा

प्रिय मित्रा,

परवा तुझ्या घरी गेलो होतो. काकूंनी धपाटे केले होते, डबा भरून दिला. तू लढाईच्या मुलुखातल्या दवाखान्यात कामाला निघालायस, त्याची चिंता त्यांच्या डोळ्यांत होती. दारापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच विचारलं, "तिथं दवाखान्यावर ती लाल खूण असते ना रे? मग दवाखान्यावर कोण कशाला हात टाकील?" मी म्हणालो, "हो काकू, असते खूण." आणि गाडी काढून निघालो.

तेव्हापासून ते उत्तर घशात अडकलंय. खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं त्यांना सांगायचा धीर नाही झाला, म्हणून तुला लिहितोय. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. फॉर्म, व्हिसा, इंजेक्शनं यातच वेळ जातो. तू जावंस की नाही याबद्दल मी काही म्हणणार नाही. तो निर्णय तुझा आहे, आणि तू तो उगाच घेतलेला नाहीस हे मला ठाऊक आहे.

कुंदुझचं नाव तू ऐकलं असशील. उत्तर अफगाणिस्तानातलं शहर. एमएसएफनं, म्हणजे डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या वैद्यकीय मदत संस्थेनं, २०११ मध्ये तिथं ट्रॉमा सेंटर, म्हणजे जखमींसाठीचं इस्पितळ, सुरू केलं. त्या सगळ्या टापूत तसं दुसरं नव्हतं. २०१४ या एका वर्षात २२ हजारांहून जास्त रुग्ण आणि ५,९०० च्या वर ऑपरेशनं. नियम साधा होता: हत्यार फाटकाबाहेर ठेवायचं. आत आलेला जखमी सरकारचा की तालिबानचा, हे बघायचं नाही. २८ सप्टेंबर २०१५ ला तालिबाननं शहर घेतलं. दुसऱ्याच दिवशी एमएसएफनं आपल्या इमारतीचे जीपीएस अक्षांश-रेखांश अमेरिकी लष्कराला आणि अफगाण सरकारला पुन्हा एकदा कळवले. छपरावर संस्थेचे झेंडे अंथरले. शहरात वीज नव्हती, जनरेटरवर उजळलेल्या मोजक्या इमारतींतली ती एक होती.

३ ऑक्टोबरच्या पहाटे, दोन वाजून गेल्यावर, अमेरिकेचं एसी-१३० हे तोफा बसवलेलं विमान तिच्यावर घिरट्या घालायला लागलं. आवारातल्या बाकीच्या इमारती जवळजवळ तशाच राहिल्या. मारा झाला तो मधल्या मुख्य इमारतीवर, जिथं आयसीयू, इमर्जन्सी आणि ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, होती. २११ गोळे. अमेरिकी लष्कर म्हणतं अर्धा तास, आत असलेले म्हणतात तासभर. ४२ माणसं गेली: १४ कर्मचारी, २४ रुग्ण, ४ रुग्णांजवळ राहिलेले नातेवाईक. आयसीयूतले रुग्ण खाटांवरच जळाले. जे वाचले त्यांनी ऑफिसातल्या टेबलावर आपल्याच एका जखमी डॉक्टरचं ऑपरेशन केलं. तो वाचला नाही.

मी भूल देणारा माणूस. हे वाचताना माझं मन ओटीतल्या त्या डोक्याकडच्या स्टुलावर जाऊन बसतं. तुला आठवतं, पूर्वी एका खासगी दवाखान्यात केस चालू असताना पॅनेलला आग लागली होती? दिवे गेले, धूर आत आला. सर्जननं पोट पॅकिंग करून झाकलं, सिस्टर दार उघडायला धावली. आणि मी रुग्णाला श्वास देणारी बॅग हातानं दाबत बसलो. पाच-सात मिनिटंच असतील. पण त्या मिनिटांत एक गोष्ट पक्की कळली. सगळ्यांना निदान पळायचा विचार तरी करता येतो, माझ्या हातातल्या माणसाला तोही करता येत नाही. त्याला मीच झोपवलेलं. मी हात काढला की संपलं. कुंदुझमध्ये त्या वेळी ऑपरेशनं चालू होती. टेबलावरचे रुग्णही वाचले नाहीत. त्यांच्या डोक्याशी कोण बसलं होतं, त्यानं बॅग कधी सोडली, सोडली की नाही, हे मनातून जात नाही.

आता त्यामागची चूक ऐक. अमेरिकी लष्कराच्याच चौकशीत आलेली. विमान घाईत उडालं. कुठे मारायचं नाही त्या जागांची यादी त्यात भरलेलीच नव्हती. मारायची होती ती तालिबानच्या हाती गेलेली अफगाण गुप्तचर खात्याची इमारत, साधारण चारशे मीटरवर. यंत्रानं दाखवली मोकळी जागा, मग सांगितलेल्या वर्णनाशी जुळणारी इमारत डोळ्यांनी शोधली गेली. एमएसएफकडून काबूलला, वॉशिंग्टनला फोन जात होते. फोन पोचला तरी मारा चालू होता. ओबामांनी फोनवर माफी मागितली. १६ जणांवर खात्यांतर्गत कारवाई झाली, कोर्टात कुणीच उभं राहिलं नाही. मुद्दाम केलेलं नव्हतं, म्हणून युद्धगुन्हा नाही, असं सांगितलं गेलं. एमएसएफनं स्वतंत्र चौकशी मागितली. तशी एक आंतरराष्ट्रीय समिती १९९१ पासून अस्तित्वात आहे. पण तिला संबंधित देशांची संमती लागते, आणि ती मिळाली नाही.

माझा राग याच जागी आहे. लढाईत बाकी सगळे लपतात, दवाखान्याला लपता येत नाही. जखमी माणसाला तो रात्रीतून सापडला पाहिजे. म्हणून तो दिवे लावतो, झेंडा लावतो, आणि ज्यांच्या हातात तोफा आहेत त्यांनाच जाऊन आपला पत्ता देतो. त्याच्याकडे दुसरं संरक्षण नाही. असा विश्वासानं दिलेला पत्ता कुठल्यातरी टेबलावर पडून राहतो आणि विमानापर्यंत पोचत नाही, याला नुसती चूक म्हणून मिटवायला माझं मन तयार होत नाही.

कायदा नाही असं नाही. १८६४ पूर्वी प्रत्येक सैन्याच्या दवाखान्याचा झेंडा वेगळा असे. ऑस्ट्रियाचा पांढरा, फ्रान्सचा लाल, स्पेनचा पिवळा. शत्रूच्या सैनिकाला ते काय कळणार? १८५९ मध्ये सोल्फेरिनोच्या लढाईनंतर हजारो जखमी उघड्यावर पडलेले आंरी द्युनां या स्विस व्यापाऱ्यानं पाहिले. त्यातून पुढे जिनिव्हा करार झाला आणि सगळ्यांसाठी एकच खूण ठरली, पांढऱ्यावर लाल क्रॉस. काकू विचारतात ती हीच. १९४९ च्या करारांत तर आणखी स्पष्ट आहे. दवाखान्यातून शत्रूला इजा करणारं काम चालत असेल तरच त्याचं संरक्षण जातं. तेही आधी इशारा देऊन, योग्य मुदत देऊन. आत जखमी सैनिक आहेत किंवा त्यांच्याकडून काढून घेतलेल्या बंदुका आहेत, एवढ्यानं नाही जात. "तिथं अतिरेकी होते" हे वाक्य तुला तिकडे पुष्कळ ऐकू येईल, तेव्हा हे लक्षात ठेव. आणि हेही ठेव की दवाखान्याच्या आडून लढणारा माणूसही त्या खुणेचा तेवढाच घात करतो. तुझ्या वॉर्डात कुणी बंदूक घेऊन आला, तर तो कितीही ओळखीचा असो, बाहेर काढ.

हे लिहिताना आपल्याकडचंही आठवतं. निम्म्या डॉक्टरांच्या गाड्यांवर लाल क्रॉस असायचा, माझ्याही होता. १९६० च्या जिनिव्हा कन्व्हेन्शन्स अ‍ॅक्टनुसार तो आपल्याला लावताच येत नाही, तो सैन्याच्या वैद्यकीय सेवेचा आणि रेड क्रॉसचा. कुंदुझबद्दल वाचलं त्या रविवारी मी नखानं खरवडून तो काढला. पार्किंग मिळावं म्हणून आपण जी खूण चिकटवत होतो, तिच्यावर कुणाचातरी जीव टांगलेला असतो. मला फार लाज वाटली.

खूण स्पष्ट दिसत असली तरी पुरत नाही, हेही तुला माहीत हवं. २३ मार्च २०२५ ला गाझात, रफाच्या भागात, १५ मदत कर्मचारी मारले गेले. त्यात ८ जण रेड क्रिसेंटचे, म्हणजे तिकडच्या रेड क्रॉसचे, होते. इस्रायली लष्करानं आधी सांगितलं की गाड्या दिवे न लावता येत होत्या. मग मेलेल्या एका कर्मचाऱ्याच्या मोबाइलमधलं चित्रीकरण बाहेर आलं. त्यात दिवे चालू होते, खुणा दिसत होत्या. लष्कराला आपलं म्हणणं बदलावं लागलं. आणि मे २०२० मध्ये काबूलच्या दश्त-ए-बारचीत बंदूकधारी सरळ प्रसूतिगृहात शिरले आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांना मारलं. त्यांना खूण वाचता येत नव्हती असं नाही. पुढच्याच महिन्यात एमएसएफला ते प्रसूतिगृह सोडावं लागलं. त्यानंतर तिथल्या बायकांनी बाळंतपणाला कुठं जायचं? मेलेल्यांचा आकडा छापून येतो, या बायकांचा कुठल्याच यादीत येत नाही.

३ मे २०१६ ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं ठराव २२८६ एकमतानं केला: दवाखाने आणि वैद्यकीय कर्मचारी यांच्यावरचे हल्ले थांबवा, झाले तर चौकशी करा. त्याच बैठकीत एमएसएफच्या तेव्हाच्या अध्यक्ष जोआन लिऊ यांनी तोंडावर सांगितलं की परिषदेच्या पाच कायम सदस्यांपैकी चार जण असे हल्ले करणाऱ्या आघाड्यांशी या ना त्या प्रकारे जोडलेले आहेत. ते सांगायला छाती लागते. ठराव कागदावर राहिला असं म्हणून मी तो टाकून देणार नाही. तुझ्यासारखा माणूस तिथं उभा असेल तेव्हा विचारायला हातात काहीतरी लेखी असावं लागतं. फक्त त्याच्या भरवशावर खिडकीजवळची खाट घेऊ नकोस.

काल मुद्दाम भैय्या चौकातून गेलो. डॉ. कोटणिसांच्या घरासमोर जरा थांबलो. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांपैकी एक आपल्या गावचा, एक नागपूरचे चोळकर. इकडे वडील गेले तरी कोटणीस परतले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ ला तिकडेच गेले, वय ३२. शाळेत असताना आपल्याला ही गोष्ट शौर्याची म्हणून सांगितली. काल मात्र मला त्या घरात मागं राहिलेली माणसं दिसत होती. पत्राची वाट बघणारी, आणि पत्र आलं की उघडायला घाबरणारी.

कुंदुझमध्ये एमएसएफनं ऑगस्ट २०२१ मध्ये पुन्हा ट्रॉमा सेंटर सुरू केलं. सहा वर्षांनी, त्याच शहरात. तू का जातोयस ते मला यावरून कळतं.

पोचलास की पहिल्या दिवशी दोन गोष्टी विचार. आपले अक्षांश-रेखांश कुणाकुणाला दिलेत, शेवटचे कधी दिले आणि पोचल्याची पावती आहे का? मारा सुरू झाला तर कुणाला फोन लावायचा, आणि तो पहाटे दोन वाजता कोण उचलतो? लाजू नकोस, नवीन माणूस म्हणून हसले तरी विचार.

काकूंच्या बीपीच्या गोळ्या महिन्याला मी नेऊन देईन, रविवारी चक्करही मारीन. त्या खुणेबद्दल पुन्हा विचारतीलच, तेव्हा काय सांगायचं ते मी बघतो. एक मात्र कर. फॉर्मवर आणीबाणीत कळवायची व्यक्ती म्हणून काकूंचं नाव टाकलं असशील, तर ते खोडून माझं घाल. फोन आला तर आधी मला येऊ दे.

तुझा,
हॉस्टेलमधला रूममेट