नंदगडच्या काकूंना, एका कापडी पिशवीबद्दल

ति. काकूंना साष्टांग नमस्कार, वि. वि.

हे पत्र लिहीन लिहीन म्हणता दोन पावसाळे गेले. फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही 'बरं बरं, जेवलीस का?' म्हणून विषय बदलता, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहायला बसलेय. नाव घालू नको म्हणालात, नाही घालत. ओळखणारे 'नंदगडच्या काकू' एवढ्यावरून ओळखतील.

जुलै २०२३. कर्नाटकात ११ जूनपासून बायकांना सरकारी बसचं तिकीट माफ झालं होतं आणि बेळगाव-खानापूर गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्याबरोबर घरोघरी विकायच्या भांड्यांची दोन पोती. एकात कढया, तवे, कुकर. दुसऱ्यात डबे, किसण्या, चॉपर, काचेची झाकणं. मोजून तेवीस वस्तू. 'अक्का, तुम्हाला तिकीट नाही, पण या पोत्यांना जागा कुठली देऊ?' असं कंडक्टर म्हणाला आणि त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. खानापूरला गाडी बदलताना एक झाकण फुटलं. नंदगडला उतरले तेव्हा पोत्याचा तळ भिजून गळत होता.

एवढा माल कशाला, हे तुम्ही मला त्या दिवशी विचारलं नाहीत. नंतर मीच सांगितलं. ज्यांनी मला या धंद्यात आणलं त्यांनी 'माल हाताशी असला की आपोआप खपतो' म्हणून पहिल्याच महिन्यात बावीस हजारांचं सामान घ्यायला लावलं होतं. पैसे बचत गटातून उचललेले. बेळगावातल्या अनगोळच्या आमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली खोकी, कपाटावर खोकी, मुलगा अभ्यासाला बसायचा तोही खोक्याला टेकून. गटाचा हप्ता दर सोमवारी.

त्या संध्याकाळी तुमच्या सोप्यात अकरा बायका जमल्या. मी चटईवर उरलेल्या सगळ्या वस्तू मांडल्या आणि पाठ केलेलं बोलायला लागले. बायकांनी सगळं हाताळलं, उलटंपालटं केलं, 'छान हाय' म्हणाल्या, चहा घेतला आणि उठल्या. साठ रुपयांची एक सोलणी गेली. ती घेणारी बाईसुद्धा माझा पडलेला चेहरा बघून घेत होती, हे मला कळत होतं.

रात्री तुम्ही भात-आमटी वाढलीत. मी जेवत असताना तुम्ही एकच प्रश्न विचारलात, 'यातल्या कुठल्या भांड्यात तू सोता रोज सैपाक करतीस गे?'

मी मोजायला लागले. तीनच निघाली. तीन थरांची स्टीलची कढई, दोरी ओढायचा चॉपर आणि रबराच्या रिंगचा एक डबा.

'मग बाकीचं कशाला नाचवतीस? उद्या थांब. शेजारच्या चौघींना मी बोलावते.'

दुसऱ्या दिवशीचं सगळं माझ्या डोळ्यांपुढे आहे. तुम्ही मला सोप्यात बसू दिलं नाहीत, सरळ स्वयंपाकघरात नेलंत. गॅस तुमचा, तेल तुमचं, बटाटेही तुमच्याच टोपलीतले. स्टीलच्या कढईत बटाट्याच्या काचऱ्या करून दाखव म्हणालात, कारण काचऱ्या बुडाला धरतात हे प्रत्येकीला ठाऊक. मी कढई रिकामीच मध्यम आचेवर ठेवली आणि पाण्याचा थेंब टाकला. तो चर्र करून आटला. थोडं थांबून दुसरा टाकला, तोही तसाच. तिसरा थेंब मात्र आटला नाही. मण्यासारखा गोल होऊन कढईभर पळायला लागला. थेंबाखाली वाफेचा पातळ थर तयार होतो आणि थेंब त्यावर तरंगतो, म्हणून तो पळतो. कढई पुरती तापल्याची ती खूण. तेव्हा आच कमी करायची, तेल घालायचं आणि मग काचऱ्या. टाकल्या टाकल्या उलथनं घालायचं नाही, खालची बाजू धरू द्यायची, की त्या आपणहून सुटतात. चौघी चुलीवर वाकून तो थेंब बघत होत्या. एकीनं माझ्या हातातली वाटी घेऊन स्वतः थेंब टाकला. कालच्या चटईपाशी कुणी एवढं वाकलं नव्हतं.

त्या कढईबद्दल बोलताना मी नेहमी 'आत ३०४ स्टील, मध्ये ॲल्युमिनियम, बाहेर इंडक्शनला चालणारं स्टील' असं घडाघडा म्हणायचे. तुम्ही फ्रिजवरचं चुंबक काढून माझ्या हातात दिलंत. कढईच्या बाहेरून ते चिकटलं. मग 'तुमच्या घरची भांडी आणा, लावून बघू' असं तुम्हीच म्हणालात आणि त्या चौघी पळत जाऊन आपापले तवे, पातेली घेऊन आल्या. कुणाचं भांडं इंडक्शनवर चालेल, कुणाचं नाही, याची अर्धा तास तपासणी. चुंबक चिकटलं नाही म्हणजे भांडं वाईट असं नाही, चांगल्या ३०४ प्रतीच्या स्टीलला साधारणपणे चुंबक चिकटत नाहीच, हेही मी तेव्हाच समजावून सांगितलं आणि तेव्हापासून न चुकता सांगते. आज माझ्या पिशवीत चुंबक असतंच. पाच भांड्यांचं ओझं त्यानं वाचवलं.

आणि तो डबा. मी त्यात पाणी भरून, झाकण लावून उलटा धरणार होते. तुम्ही तो माझ्या हातातून घेतलात आणि तळून काढलेल्या पापडांवर उलटा धरलात! माझा जीव वर गेला. एक थेंब पडला नाही. मग डबा पुसून कोरडा केलात, त्यात तेच पापड भरलेत, दुसरे तेवढेच पापड जुन्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेत आणि सगळ्यांना म्हणालात, 'आठ दिवसांनी ही परत येईल. तवर दोन्ही डबे हितंच. मग खाऊन बघा आणि काय घ्यायचं ते घ्या.'

खानापूर तालुक्यातला पाऊस ज्यांनी काढलाय त्यांना या परीक्षेची किंमत कळेल. भिंतीला ओल, मिठाला पाणी, काडेपेटी पेटत नाही, अशा दिवसांत पापड कुरकुरीत राहणं हीच डब्याची खरी परीक्षा. आठ दिवसांनी मी आले तेव्हा चौघींच्या नऊजणी झाल्या होत्या. पत्र्याच्या डब्यातला पापड चामड्यासारखा वाकला. दुसऱ्यातला मोडताना झालेला आवाज पार ओसरीपर्यंत गेला. तुमच्या शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या अंगणवाडीच्या बाई पापड खाऊन 'चलो ऐत्री' (छान आहे) म्हणाल्या आणि त्यांनीच पहिली ऑर्डर लिहायला लावली. त्या दिवशी सात डबे आणि दोन कढया गेल्या. मी आले होते एक पिशवी घेऊन.

नंतर मला वाचायला मिळालं की घरोघरी पार्टी करून डबे विकण्याची ही रीत अमेरिकेत १९५० च्या दशकात ब्राउनी वाइज नावाच्या बाईंनी वाढवली. टप्परवेअर कंपनीवाले आपले प्लॅस्टिकचे डबे दुकानांतून काढून फक्त घरगुती पार्ट्यांतून विकायला लागले ते त्यांच्याच पद्धतीमुळे. त्या द्राक्षाच्या रसानं भरलेला डबा झाकण लावून खोलीत फेकून दाखवायच्या म्हणे. ते वाचताना तुम्ही पापडांवर उलटा धरलेला डबा आठवला. तुम्ही तर त्यांचं नावही ऐकलेलं नव्हतं.

तुम्ही घालून दिलेल्या बाकीच्या रीतीही मी पाळते. हळदीकुंकवाला वही काढायची नाही. 'बायका देवाच्या नावानं येत्यात, तिथं धंदा नको', हे तुमचं म्हणणं मला तेव्हा जड वाटलं होतं, कारण आयत्या वीस-पंचवीस बायका एका ठिकाणी असतात. आता पटतं. संक्रांतीच्या वाणाची ऑर्डर मी डिसेंबरातच घेते आणि माल पोचवून बाजूला होते. उधारी एकाच हप्त्याची, तीही घरच्या बाईसमोर लिहून. एका गावच्या सगळ्या ऑर्डरी एकाच दिवशी पोचवायच्या. वस्तूंची माहिती आणि दर तुम्ही वहीच्या कागदावर मराठीत लिहून दिले होतेत, कारण माझ्याकडच्या पुस्तकात मराठीचं अक्षर नव्हतं. तो कागद मी प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलाय. झेरॉक्स वाटते, मूळ कुणाला देत नाही.

आणखी एक. न सांगता कुणाच्या दारात जायचं नाही, आधी निरोप, मग पाऊल, असं तुम्ही म्हणायचात. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांतही तेच आहे: विक्रेत्यानं ओळखपत्र बाळगायचं आणि आधी वेळ ठरवूनच ग्राहकाच्या घरी जायचं. साखळी करून माणसं जोडण्यावर पैसे मिळवायला त्याच नियमांत बंदी आहे. ज्यांनी मला आणलं त्यांनी यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. नव्यानं या धंद्यात येणाऱ्या बायकांना मी हात जोडून सांगते, कुणी आधी माल घ्यायला लावत असेल तर घेऊ नका. तीन वस्तू पुरतात.

पलंगाखालची खोकी कशी संपली ते तुम्हाला माहीतच आहे, युक्ती तुमचीच. जिच्या घरी पार्टी तिला त्यातली एक वस्तू भेट. पहिली भेट मी तुम्हाला द्यायला निघाले तर तुम्ही घेतली नाहीत, म्हणालात, 'मला नको, पुढच्या गावच्या बाईला दे.' ती जांबोटीला गेली. मग कणकुंबी, मग निपाणीकडची चार गावं. चंदगडकडेही जाते आता. शिनोळीला महाराष्ट्राच्या हद्दीत शिरलं की एसटीत अर्धं तिकीट पडतं, पण तिकडच्या बायका चॉपर फार घेतात. गटाचं कर्ज मागच्या दिवाळीच्या आधी फिटलं. मुलगा टेबलावर अभ्यास करतो.

पिशवी तीच आहे, तुम्ही जुन्या इरकलीची शिवून दिलेली. आतल्या बाजूला चॉपरच्या पात्यासाठी जाड कापडाचा कप्पा केला होतात, तो एका कोपऱ्यात उसवलाय. मी टाके घातलेत, तुमच्याइतके बारीक जमले नाहीत.

पुढच्या बुधवारी सकाळच्या गाडीनं येतेय. तुमच्याकडे ठेवलेल्या डब्याची रबराची रिंग सैल झाली असं परवा म्हणालात, नवी रिंग आणतेय. पापड तोवर दुसऱ्या डब्यात काढून ठेवा.

तुमची,
अनगोळची लेक