पप्पा, मी मंडळीचं पत्र मागवलंय

आई, पप्पा, सलाम.

हे फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं आणि तीनदा राहिलं. पप्पा फोन स्पीकरवर टाकतात, मागे बातम्या चालू असतात, आणि आई तू जेवलास का पासून सुरुवात करतेस ती शेजारच्यांच्या म्हशीपर्यंत जातेस, मग मुद्द्याचं बोलायला तोंडच उघडत नाही. म्हणून टाईप करून प्रिंट काढलीय, अक्षर मोठं ठेवलंय, पप्पांना भिंग लागू नये. ताई शनिवारी येतेय तिच्या हाती देतो. आई, तू आधी वाच आणि मग पप्पांना दे, पण चहा झाल्यावर, त्याआधी नको.

तर मी माझं, हिचं आणि सोन्याचं नाव नगरच्या मंडळीतून, म्हणजे आपल्या चर्चच्या रजिस्टरातून काढून इथे पुण्यात पंचहौद चर्चला लावतोय. काढून नाही, हलवून म्हणतो. आणि लावायचा विचार आहे असं नाही, अर्ज गेलाय, परवाच पाळकसाहेबांना मेल केला, बदलीचं पत्र मागितलं. पुढच्या रविवारी तो कमिटीत वाचतील. सेक्रेटरीपद सोडून सहा वर्षं झाली तरी कमिटीच्या दिवशी पप्पा व्हरांड्यात खुर्ची टाकून बसतात हे मला माहितीय, आतलं सगळं ऐकू येतं तिथे. ते तुम्हाला असं खिडकीतून कळू नये म्हणून ही घाई.

आता तुम्ही म्हणाल सुनेनं भरवलं. पप्पा, शपथ घेऊ नये म्हणून घेत नाही, पण हिनं एका शब्दानं म्हटलेलं नाही. ती माहेरची एसपीजी, म्हणजे पंचहौदसारखीच छापील प्रार्थनेवाल्या अँग्लिकन मिशनची असली तरी लग्नानंतर आपल्यातलीच झाली, आपल्या पद्धतीनं डोळे मिटून मनानं प्रार्थना करायला शिकली, पहिल्या वर्षी किती घाबरायची आठवतंय ना आई, तू टेबलाखालून तिचा हात धरायचीस. उलट तीच म्हणत होती की पप्पांना वाईट वाटेल, राहू दे. मीच नको म्हटलं.

सतरा वर्षं झाली पुण्यात. आधी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला यायचो, पहाटेची एसटी, शिरूरला चहा, एकशेवीस किलोमीटर, घंटा व्हायच्या आत बाकावर. मग सोन्या झाला, मग दोन महिन्यांनी, मग नाताळ आणि हार्वेस्टचा कापणीचा सण, आणि आता वर्गणी जीपेवर येते आणि माणूस येत नाही. इकडे सतरा वर्षं मागच्या बाकावर पाहुणा म्हणून बसतोय. कुणी आजारी पडलं तर भेटायला जाणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नाही, हार्वेस्टच्या लिलावाला माणसं लागतात तिथे मला कुणी विचारत नाही, विचारणार कसं, मी कुणाचाच नाही. मंडळी म्हणजे नुसता रविवारचा दीड तास नाही हे तुम्हीच शिकवलंत. आता सोन्याला दृढीकरणाच्या, म्हणजे मंडळीचा पूर्ण सभासद होण्याच्या क्लासला बसायचंय, त्याचे सगळे मित्र बसतायत, फॉर्मवर रकाना होता कोणत्या मंडळीचे सभासद, आणि त्या बहाद्दरानं पेननं लिहिलं, आजोबांच्या. तो फॉर्म मी दोन दिवस खिशात घेऊन फिरलो.

पप्पा, तुमचं म्हणणं मला पाठ आहे. आपण अमेरिकन मिशनवाले, आपल्याकडे पाळक झगा घालत नाही, उठा-बसा-गुडघे टेका नाही, आणि छापील प्रार्थना म्हणजे देवाकडे छापील अर्ज. मीही पहिल्यांदा गेलो तेव्हा पुस्तकात पान शोधेपर्यंत सगळे आमेन म्हणून खाली बसले होते. पण खरं सांगू, वर्षभरानं त्या छापील अर्जाचीच सवय लागली. ऑफिसमधून डोकं पिकून आल्यावर आपले शब्द सुचत नाहीत, तेव्हा दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहून ठेवलेले शब्द बरे पडतात. यावर तुम्ही काय म्हणाल तेही माहितीय. म्हणा.

आणि वेगळं वेगळं काय राहिलंय आता? 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा पंथांच्या मंडळ्या एक झाल्या, आपलीही त्यात आणि एसपीजीही त्यात, हे तुम्हीच मला इतक्या वेळा सांगितलंय. अहमदनगर कॉलेजच्या हॉस्टेलवर रात्रभर वाद घातलेत तुम्ही त्या एकीच्या बाजूनं! मग तुमचाच मुलगा त्या एकीचा फायदा घेतोय असं समजा. पंचहौदचं नाव काढलं की तुम्ही 1890 च्या चहाची गोष्ट काढणार, लोकमान्य आणि रानडे तिथे चहा प्यायले आणि पुण्यात केवढा गहजब झाला, प्रायश्चित्तापर्यंत गेलं, आणि मग नेहमीचा जोक, त्या टिळकांनी नुसता चहा घेतला, आपल्या नारायण वामन टिळकांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतला. इथे प्रार्थनेनंतर अजूनही चहा देतात, साखर जास्त असते, तुम्हाला मिळणार नाही. रेव्हरंड टिळकांची गीतंही इथे तबला-पेटीवर म्हणतात, चाल थोडी ओढतात, नगरसारखी नाही, पण आई तुला आवडेल. तू सुरू केलंस तर सगळे तुझ्या मागे येतील, लिहून देतो.

आपली जागा तशीच राहतेय. तिसऱ्या रांगेतला खिडकीकडचा बाक, आजोबांच्या वेळचा, तिथे तुम्ही दोघं बसणार, आणि नाताळला आम्ही तिघं मध्ये घुसणार. आजी-आजोबांच्या कबरींना ईस्टरआधी चुना मीच लावणार, त्याला कुठल्या रजिस्टरची गरज नाही. हार्वेस्टलाही येणार. आई, तो कोंबडा आठवतो? मी दुसरीत होतो, लिलावात पांढरा कोंबडा आला, पायाला लाल चिंधी बांधलेली, मला तो पाळायला हवा होता, पप्पा बोली लावत लावत तुझ्या किराणाच्या पैशांवर आले, तू डोळे वटारत होतीस आणि पप्पा पुढे बघत होते. तो घरी आला, आठ दिवस पहाटे चारला ओरडला आणि मग एका रविवारी जेवणात दिसला. मी जेवलो नाही. मग पप्पा, तुम्हीही जेवला नाहीत, माझ्याजवळ येऊन पायरीवर बसलात, भाकरी आणि मिरचीचा ठेचा घेऊन. हे मी सोन्याला सांगितलं तर म्हणतो आजोबांना भूक लागली नसेल. आजकालची मुलं.

आता दुसरा विषय, आणि इथे मी ऐकणार नाही. गुड फ्रायडेला काय झालं ते मला कळलंय. आई, तू लपवलंस, मी रागावलो नाही, पण तो कॉयरमधला गड्या माझ्याच वर्गातला आहे, त्यानं त्याच संध्याकाळी मेसेज केला. बारा ते तीनची प्रार्थना, येशूच्या वधस्तंभावरच्या सात शब्दांवर सात जण बोलणार, सहावा शब्द पप्पांकडे, आणि पाचव्यालाच, मला तहान लागली आहे यावर पलीकडचे काका बोलत असताना तुम्ही बाकावरून खाली. वरून तुम्ही काय म्हणालात तेही कळलं, ग्लुकोजचं पाणी पाजल्यावर डोळे उघडून म्हणालात की माझा शब्द कुणी घेतला. पप्पा! सकाळी डायबेटिसची गोळी घेतली आणि वर उपास धरला, साखर खाली जाणारच. चौऱ्याहत्तराव्या वर्षी देव तुमच्याकडून उपास मागत नाही, मागत असला तर माझ्याशी बोलू दे.

तर ऐका. गोळी घेतली की अर्ध्या तासात पोटात काहीतरी गेलंच पाहिजे, मग तो गुड फ्रायडे असो की मंडळीचा उपास-प्रार्थनेचा दिवस. उपास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं, गोळीचं काय करायचं ते ते सांगतील, मनानं गोळी बंद करायची नाही. सदऱ्याच्या खिशात खडीसाखरेची पुडी कायम. घाम फुटला, हात थरथरले की आधी ती तोंडात टाकायची, पाचव्या शब्दाचं काय ते नंतर. बाकासाठी दोन गाद्या शिवून घेतल्यात, मरून रंगाच्या, ताई आणतेय, त्या वापरायच्या, लोक काय म्हणतील म्हणून कपाटात ठेवायच्या नाहीत. चर्चच्या पायऱ्यांना दांडा बसवायचं कमिटीला मीच सुचवलंय, पैसे मी देतोय, नाव नको म्हटलंय. बाथरूममध्ये पकडायला दांडे बसवायला बुधवारी माणूस येईल, आई त्याला उगाच परत पाठवू नकोस, टाईल फुटली तर फुटली. आणि पावसाळ्याचे दोन महिने इकडे या. यायचंच असं नाही, पण या. पूर्वेकडची खोली रिकामी केलीय, कमोड आहे, लिफ्ट आहे, पेटीचा भाता दुरुस्त करून आणलाय. रविवारी रिक्षानं पंचहौद वीस मिनिटं. तिथे तुम्हाला गुडघे टेकायला कुणी सांगणार नाही, मी आधीच विचारून ठेवलंय, म्हातारी माणसं बसूनच असतात.

संडेस्कूलच्या पाठांतरात मला बक्षीस मिळालेला स्टीलचा डबा अजून तू पोह्यांना वापरतेस ना, त्यावर माझं नाव कोरलेलं. दहा आज्ञा घडाघडा म्हटल्या होत्या, पाचवीला अडकलो होतो, आपला बाप व आपली आई यांच्यापुढचा शब्दच आठवेना, तू मागून ओठ हलवून सांगितलास. मेल पाठवायचं बटण दाबताना तेच आठवलं, खोटं कशाला बोलू. रात्री झोप लागली नाही.

एक मागणं आहे पप्पा, नाही म्हटलंत तरी चालेल. लहानपणी शनिवारी रात्री तुम्ही शाईच्या पेननं बदलीची पत्रं लिहायचात, कुणी मुंबईला, कुणी भोसरीला कंपनीत, मी शेजारी बसून टीपकागद दाबायचो. हे कुटुंब आमच्या मंडळीचं असून चांगल्या चालीचं आहे, आपल्या मंडळीत त्यांचा प्रीतीनं स्वीकार व्हावा. मग टोपण लावताना हळूच म्हणायचात, गेलं अजून एक घर. आता तो नवा सेक्रेटरी कॉम्प्युटरवर काढतो, नाव बदललं की झालं. माझं तसं नको. पाळकसाहेबांशी बोललोय मी, ते म्हणाले सही मी करतो, मजकूर पप्पांनी लिहिला तर आनंदच आहे. हात थरथरला तर थरथरू दे. चांगल्या चालीचा हे लिहायचं की नाही ते तुमच्यावर सोडलं, पण कोंबड्याच्या वेळी मी रडलो नव्हतो एवढं लक्षात घ्या.

आई, गोळ्यांचा डबा खिडकीत ठेवू नकोस, ऊन लागतं.

तुमचा,
बाळ्या