‘ड’ जीवनसत्त्व जरूर घ्या, पण बीपीची गोळी सोडू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

‘ड’ जीवनसत्त्वाने रक्तदाब उतरतो, असा लेख आपल्या आरोग्य पुरवणीत आला. त्यातले आकडे बरोबर आहेत. पण जे सांगायचे राहिले, त्यापायी कुणी बीपीची गोळी बंद करून बसेल, या धास्तीने हे पत्र लिहीत आहे. लेख वाचून माझ्या मोठ्या जाऊबाईंनी मला हेच विचारले, ‘‘माझं ड कमीच आहे. ते भरून काढलं की बीपीची गोळी सुटेल ना गं?’’ नाही सुटणार, आणि त्याचे कारण त्याच अभ्यासात आहे.

लेखाचा आधार म्हणजे बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातील संशोधकांचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास. वजन जास्त असलेल्या २२१ वयस्कर व्यक्तींना वर्षभर ‘ड’ दिले. काहींना रोज ६०० युनिट, काहींना ३७५०. वरचा रक्तदाब सरासरी ३.५ आणि खालचा २.८ अंकांनी उतरला. जास्त मात्रेचा जास्त फायदा मात्र झाला नाही. आणि मुख्य म्हणजे, दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी घेणारा गटच त्यात नव्हता.

त्याने काय बिघडते, हे मी परिचारिका म्हणून रोज पाहिले आहे. रुग्ण जिना चढून येतो, बोलता बोलता बाही वर करतो, पट्टा आवळला जातो आणि पहिला आकडा हमखास चढा येतो. त्यालाच पाठ टेकून, पावले जमिनीवर, हात छातीच्या पातळीला ठेवून पाच मिनिटे गप्प बसू दिले की आकडा खाली येतो. पुढच्या तपासण्यांना तो सरावलेला असतो, मनातली धाकधूक गेलेली असते, आकडा आणखी उतरतो. यात कुठल्याच गोळीचा हात नसतो. शिवाय आपल्यावर लक्ष आहे म्हटले की माणसे मीठही बेताने खाऊ लागतात. मग उतरलेल्या साडेतीन अंकांतले ‘ड’चे किती, हे तुलनेचा गट नसताना ठरवणार कसे?

तुलना करून पाहिलेले अभ्यास आहेत. ऑस्ट्रियात ‘ड’ कमी असलेल्या, रक्तदाबाच्या २०० रुग्णांपैकी निम्म्यांना आठ आठवडे रोज २८०० युनिट आणि बाकीच्यांना खोटी गोळी दिली. रक्तदाबात फरक पडला नाही. अमेरिकेत कमतरता आणि चढता रक्तदाब असलेल्या ५३४ जणांत ४००० आणि ४०० युनिटांची सहा महिने तुलना झाली, तिथेही तेच. २०१५ मध्ये ४६ चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला गेला, त्यातूनही लाभ दिसला नाही. एखाद्या अभ्यासात थोडासा उतार आढळला आहे, पण एकूण पारडे त्या बाजूला झुकत नाही.

कमतरता आणि रक्तदाब पुष्कळदा एकाच माणसात सापडतात, हे खरे. ‘ड’चा संदेश पेशींपर्यंत पोहोचत नाही अशा उंदरांत रेनिन (मूत्रपिंडातून सुटणारे, रक्तदाब चढवणारे द्रव्य) वाढून रक्तदाब चढतो, हे २००२ मध्ये दिसले होते, त्यामुळे आशा वाटणेही स्वाभाविक होते. पण वाढलेले वजन आणि घरात बसून राहणे या दोन गोष्टी ‘ड’ही घटवतात आणि रक्तदाबही चढवतात.

कमतरता असेल तर ती भरून काढायलाच हवी, हाडांसाठी आणि स्नायूंसाठी. मात्र मात्रा डॉक्टरांनी ठरवावी. हे जीवनसत्त्व चरबीत साठते. अति झाले की रक्तातले कॅल्शियम वाढते, मग सतत तहान, वारंवार लघवी, मळमळ, बद्धकोष्ठ. बीपीसाठी लघवी वाढवणारी थायाझाइड गटातली गोळी चालू असेल, तर हा धोका वाढतो, कारण ती गोळी कॅल्शियम लघवीवाटे जाऊ देत नाही. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवण्याने रक्तदाब उतरतो हे पक्के ठाऊक आहे, त्यावर पुरवणीत एवढी जागा मिळालेली मला तरी आठवत नाही.

माझी विनंती एवढीच : अशा लेखात तुलनेचा गट होता की नव्हता, हे छापावे. आणि चालू गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत, ही एक ओळ चौकटीत, ठळक अक्षरांत द्यावी.

आपली,
एक निवृत्त परिचारिका