नेफर्तियाबेतची शिळा पूर्ण छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला इजिप्तच्या थडग्यांवरचा लेख आवडीने वाचला. मात्र सोबतच्या नेफर्तियाबेतच्या शिळेच्या छायाचित्राची उजवी बाजू कापली गेली आहे. माझ्या मते शिळेवरचा सगळ्यात मोलाचा भाग तोच, म्हणून हे पत्र.

नेफर्तियाबेत ही प्राचीन इजिप्तचा राजा खुफू याच्या काळातली राजकन्या. गिझाच्या तिच्या थडग्यातली ही रंगवलेली चुनखडीची शिळा आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. अंगावर एका खांद्यावरून घेतलेलं बिबट्याचं कातडं, पुढ्यात मेज, त्यावर उभ्या मांडलेल्या पावाच्या चकत्या, एवढं आपल्याकडे छापून आलं. मेजापलीकडे चौकटी आखून तिला अर्पण केलेल्या लिननची, म्हणजे जवसाच्या तंतूंच्या कापडाची, यादी कोरली आहे, जातवार आणि मापवार. हजाराचा आकडा कमळाच्या चिन्हाने दाखवलेला. मी नोकरीभर वस्त्रशास्त्र शिकवलं, त्यामुळे माझी नजर आधी तिथेच जाते.

लेखात अशा कोरीवकामाला ‘सजावट’ म्हटलं आहे, ते पटलं नाही. उद्या नातलग थडग्यावर यायचे थांबले, तरी कोरलेल्या अक्षरांतून तिला पाव, बिअर, कापड मिळत राहावं, अशी त्यामागची श्रद्धा होती.

आणि हे कापड विणणाऱ्या त्या काळी मुख्यतः बायकाच. थीब्ज या प्राचीन शहराजवळ मेकेत्रे या अधिकाऱ्याच्या थडग्यात 1920 मध्ये विणकामशाळेची छोटी लाकडी प्रतिकृती सापडली, तीत बायका सूत काततात आणि जमिनीवर अंथरलेल्या आडव्या मागावर विणतात. त्याआधीचं कामही सोपं नव्हे. जवसाची रोपं मुळासकट उपटायची, पाण्यात कुजवायची, तंतू सोडवून टोकाला टोक जोडत पीळ द्यायचा. तलम लिनन पावाच्या बरोबरीने मागितलं जाई यात नवल नाही.

राणी काविटची, थीब्जजवळच्या देर अल-बहरी इथली दगडी शवपेटीही लेखात हवी होती. दासी मागे उभी राहून तिच्या केसांची बट बसवते आहे, राणीच्या हातात आरसा आहे. त्याच पेटीवर गाय दोहली जाते, वासरू तिच्या पायाला बांधलेलं, आणि गाईच्या डोळ्यातून टिपूस ओघळतं. राणीच्या वाट्याचं दूध कुणाच्या तोंडचं काढलं, हेही त्या कारागिराने कोरून ठेवलं.

पुढच्या पुरवणीत नेफर्तियाबेतची शिळा यादीसकट, मोठ्या आकारात छापावी, आणि त्यातल्या एकदोन रकान्यांचा अर्थ जाणकाराकडून लिहून घ्यावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका