सूचना : ठेकेदाराला रोख देताना पावती घ्या

सर्व सभासदांसाठी,

पावसाळ्याआधी आपल्या ठाण्यात घरोघरी वॉटरप्रूफिंग, टाइल्स, रंगाची कामं निघतात आणि ॲडव्हान्स बहुधा रोखच मागितला जातो. द्या, पण पावती हातात आल्यावरच.

कोटेशनच्या मागे खरडलेलं "२०,००० मिळाले" म्हणजे पावती नव्हे. तारीख, अंकी-अक्षरी रक्कम, काम, फ्लॅट नंबर, ॲडव्हान्स की हप्ता, बाकी किती, हे सगळं लिहून घ्या. सही ठेकेदाराचीच घ्या; मुकादमाची चालवून घेतली की ठेकेदाराकडून "मला पोचलेच नाहीत" ऐकावं लागतं. रक्कम ₹५,००० च्या वर असेल तर १ रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावरून सही घ्या.

"बिल नको, जीएसटी वाचेल" यात १८ टक्के वाचतात खरे, पण छत पुन्हा गळलं तर वॉरंटी कुठल्या कागदावर मागणार? जीएसटी लावलाच असेल तर बिलावर ठेकेदाराचा १५ अंक-अक्षरांचा जीएसटी क्रमांक हवा. महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. क्रमांक नसेल तर तो कर देऊ नका.

एका कामाचे ₹२ लाख किंवा जास्त रोखीत घेणं कायद्याने बंद आहे, हप्ते पाडले तरी.

बाथरूमचा शेवटचा हप्ता २४ तास पाणी साठवून, खालच्या फ्लॅटचं छत पाहूनच द्यावा.

– व्यवस्थापक समिती